सुपारी घेण्याआधी: बेळगाव भागात नाचाच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नाचावर पोट चालवणारा माणूस एकच एक नाच करत नाही. भाद्रपदात मंडळांची स्टेजं, नवरात्रात दांडिया शिकवणं, १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची (राज्याच्या स्थापनादिनाची) मिरवणूक, तुळशीचं लग्न लागलं की हळदी-संगीताच्या सुपाऱ्या, डिसेंबरात शाळांची गॅदरिंग, माघात यात्रा, वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ, आणि मधूनच घाट उतरून गोव्यातल्या हॉटेलांचे शो. सकाळी क्लासात अरमंडीत (भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत) बसलेले गुडघे संध्याकाळी ट्रॉलीवर डॉल्बीच्या तालावर उड्या मारत असतात. ग्रुप चालवणारा दादा कितीही भला असला तरी तुमचा घोटा मुरगळला की तुमच्या जागी दुसरा पोरगा उभा राहतो. सुपारी दादालाही पाळायची असते.

म्हणजे तुमचं शरीर ही शेवटी तुमची एकट्याची जबाबदारी. ती पायरीपायरीने कशी उचलायची ते खाली लिहिलंय. मी डॉक्टर नाही, या भागात गाणी बसवणारा माणूस आहे. औषधांचं डॉक्टरांना विचारायचं, बाकीचं इथे वाचा.

पायरी १: हंगामाआधी स्वतःची नोंद

एक वही करा. मोबाइलमध्येही चालेल, पण वही हरवत नाही आणि तिचं चार्जिंग संपत नाही.

पहिल्या पानावर रक्ततपासणी. निदान हिमोग्लोबिन तरी बघाच. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आता विचार करा, दहा मुलींच्या ग्रुपमध्ये दुसऱ्याच गाण्याला धाप लागणाऱ्या मुलीला आपण ‘आळशी’ म्हणतो, तिचं हिमोग्लोबिन कुणी बघितलेलं असतं का? घरात बसून रियाज करणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वही डॉक्टरांना विचारून तपासावं. हाडं ठिसूळ व्हायला त्याची कमतरता हे एक कारण असतं.

दुसऱ्या पानावर तीन चाचण्या, दोन्ही पायांच्या वेगवेगळ्या. एका पायावर डोळे मिटून किती सेकंद उभं राहता येतं? एका पायावर टाच किती वेळा पूर्ण उचलता येते? आरशासमोर एका पायावर अर्धं बसताना गुडघा आत वळतो की पावलाच्या रेषेत राहतो? टाच वीस-पंचवीस वेळा उचलता आली पाहिजे. दोन पायांत फार फरक निघाला तर कमी पडणारा पायच पुढे दगा देणार, हे आताच कळलं. शिवाय उद्या दुखापत झाली तर ‘आधी कसा होता’ याचं उत्तर तुमच्याकडे लिहिलेलं असेल.

कागदपत्रांचं एवढंच सांगतो: आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, बाकीच्यांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के, दीड लाखांच्या मर्यादेत. कार्ड आधीच काढून ठेवा. पण ही सोय मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोज जाऊन घ्यायच्या फिजिओथेरपीचे पैसे बहुतेक वेळा खिशातूनच जातात, तेवढे बाजूला ठेवायला लागतील.

पायरी २: पायाखाली काय आहे ते बघा

आमच्याकडे दुखापती नाचण्यामुळे जितक्या होतात, तितक्याच जमिनीमुळे होतात असं माझं मत आहे.

रियाज कुठे होतो? गच्चीवर, मंगल कार्यालयाच्या ग्रॅनाइटवर, जुन्या घरात शहाबादी फरशीवर. या तिन्ही जमिनी धक्का गिळत नाहीत. तो सगळा टाच, नडगी, गुडघा आणि कंबर यांच्यावर परत येतो. भरतनाट्यमचे तट्ट अडवू, म्हणजे पाय आपटून करायचे मूळ पदन्यास, अशा फरशीवर रोज तासभर पूर्ण जोराने मारले तर टाच दुखणारच. लाकडी जमीन परवडत नसेल तर जाड रबरी पट्ट्यांवर प्लायवूडचे दोन थर, सांधे एकावर एक येणार नाहीत असे टाकून, स्क्रूने पक्के करा. चारपाच जणांनी वर्गणी काढली तर जमतं. मुलांच्या खेळायच्या मऊ फोमच्या चौकोनी चटया मात्र नकोत. त्यात पाऊल रुतून गिरकी घेताना गुडघा पिळला जातो. फरशीशिवाय इलाजच नसेल तर रियाजाचा मोठा भाग हलक्या पावलांनी करा आणि पूर्ण ताकदीची थाप शेवटच्या एकदोन फेऱ्यांसाठी ठेवा. गुरुजी रागावतील अशी भीती असते. नीट कारण सांगितलं तर बहुतेक गुरू ऐकतात. त्यांचेही गुडघे दुखत असतात.

मंडळाचं स्टेज हा वेगळाच प्रकार. पाइपांच्या सांगाड्यावर फळ्या, त्यावर मॅटिंग. मॅटिंगखाली दोन फळ्यांमधली फट दिसत नाही. गणपतीत वरून पाऊस, त्यामुळे कापड ओलं. पोचल्यावर मेकअपला बसायच्या आधी, बूट घालून, टॉर्च घेऊन, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालायचं. जिथे फळी दबते तिथे खडूने फुली मारा आणि फॉर्मेशन एक पाऊल सरकवा. वर आलेले खिळे, साउंडच्या वायरी, समोरच्या कडेला लावलेले दिवे हेही बघून घ्या. मांडववाल्याला सांगून फळी ठोकून घ्यायला पाच मिनिटं लागतात. तो कुरकुर करेल, करू दे.

चित्ररथाच्या ट्रॉलीवर दोन नियम: गाडी चालती असताना उडी मारायची नाही, आणि कोणी कोणाच्या खांद्यावर चढायचं नाही. बेळगावच्या गल्ल्यांत विजेच्या आणि केबलच्या तारा किती खाली लोंबतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. आधल्या दिवशी मार्ग एकदा पायी फिरून या.

पायरी ३: अंग गरम, आणि गरमच ठेवणं

नाचाआधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करायचं हे सगळ्यांना माहीत असतं. जागेवर चालणं, हलकी धाव, खांदे-कंबर-घोट्यांची वर्तुळं, पाय पुढे-मागे झुलवणं, मग त्या दिवशीच्या नाचातल्याच हालचाली अर्ध्या जोराने. एकाच जागी मिनिटभर ताणून धरण्याचे प्रकार नाचानंतरसाठी ठेवा. आधी लांबवून केले तर स्नायूंची उडीची ताकद थोडा वेळ कमी होते. डिसेंबरातल्या सकाळी किंवा खानापूरच्या पावसात पाच मिनिटं जास्त द्या.

खरी अडचण वेगळीच असते. तुम्ही साडेसातला तयार होऊन उभे राहता आणि पाहुण्यांची भाषणं सुरू होतात. सत्कार, शाल, नारळ, पुन्हा भाषण. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. सरकार वर्षातून फार तर १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे पावणेदहाला कोणीतरी धावत येतो, ‘चला चला, डायरेक्ट शेवटचं गाणं घ्या.’ थंड पडलेल्या अंगाने, सगळ्यात जोराच्या गाण्याला थेट स्टेजवर. स्नायू फाटण्याची ही हमखास वेळ. म्हणून विंगेत बसायचं नाही. कपड्यांवर स्वेटर किंवा ट्रॅकसूट घाला, दर दहा मिनिटांनी उभं राहून दोन मिनिटं जागेवर हलत राहा, आणि शेवटचं गाणं आधी घ्यावं लागलं तर त्यातली सर्वात अवघड उडी सोडून द्यायचं ठरवून ठेवा. प्रेक्षकांना ती उडी होती हेच माहीत नसतं.

गॅदरिंगच्या महिन्यात शिकवणाऱ्यांचे हाल नाचणाऱ्यांपेक्षा जास्त होतात. एका शाळेत आठ वर्गांची आठ गाणी, प्रत्येक स्टेप मुलांसमोर वीसदा करून दाखवायची, आणि आपण नकळत नेहमी एकाच पायाने सुरुवात करतो. निम्म्या वेळा दुसऱ्या पायाने दाखवा. चांगली करणारी दोन मुलं पुढे उभी करून त्यांच्याकडून स्टेप दाखवून घ्या. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी; डिसेंबरात तो मिळत नाही असं सगळे म्हणतात, तरीही वहीत आधीच फुली मारून ठेवला तर मिळतो.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: एका पायावर टाच उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कोपरांवर प्लँक, कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं, जमलं तर वजन घेऊन बैठका. ‘मांड्या जाड होतील’ म्हणून मुली टाळतात. होत नाहीत. अरमंडीत पावलं बाहेर वळवायची असतात ती खुब्यातून. तिथे ताकद नसली की माणूस घोट्यातून आणि गुडघ्यातून वळवून काम भागवतो, आणि वर्षभरात गुडघ्याची वाटी दुखायला लागते. लावणी करणाऱ्यांनी पोटाचे आणि कुशीचे व्यायाम जास्त करावेत, कंबरेच्या ठेक्याचा सगळा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर जातो. हिप-हॉपवाल्यांनी मनगटं आणि मान.

पायरी ४: दुखणं ओळखायला शिका

प्रत्येक दुखणं थांबायचं कारण नसतं आणि प्रत्येक दुखणं सोसायचंही नसतं. ढोबळ फरक असा: नव्या व्यायामानंतर दोन दिवस दोन्ही मांड्या सारख्या दुखल्या तर चालू ठेवा. एकाच बाजूला, एकाच जागी, दर रियाजाला वाढत जाणारं दुखणं असेल तर लक्ष द्या.

नडगीचं दुखणं इथे फार. आतल्या कडेने वीतभर लांब पसरलेली ठणक असेल आणि अंग गरम झालं की ती कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या कडेची सूज आहे. आठवडाभर उड्या बंद आणि जमीन बदला. पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा, दाबलं की कळ, रात्री झोपेतही दुखणं, असं असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पहिल्या दोनतीन आठवड्यांत तो साध्या एक्स-रेत दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, नाचा’ असं कोणी म्हणालं तरी दुखणं तसंच असेल तर अस्थितज्ज्ञांकडे परत जा आणि हीच लक्षणं सांगा.

घोटा मुरगळला तर:

लगेच थांबा. गाणं पूर्ण करायचं नाही.

कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चारपाच वेळा, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच. पहिले दोनतीन दिवस तेल लावून चोळणं, शेकणं आणि दारू तिन्ही बंद, सूज वाढते.

चार पावलं टाकून बघा. टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडांची मागची कड वा टोक दाबल्यावर, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर जबर कळ आली, तर एक्स-रे हवाच. जगभरचे डॉक्टर हीच कसोटी वापरतात, ओटावा नियम म्हणतात तिला.

हे सगळं ठीक असेल तर एकदोन दिवसांनी पाऊल हळूहळू वर-खाली हलवायला लागा. महिनाभर प्लास्टरसारखा बांधून ठेवलेला घोटा कमजोर होतो.

हाडवैद्यांचा विषय निघणारच. तुमच्या आजीने नेलं असेल, बरंही वाटलं असेल. भांडण करायचं नाही, फक्त क्रम सांभाळायचा: आधी हाड मोडलेलं नाही याची एक्स-रेने खात्री. मोडलेलं हाड ओढून ‘बसवलं’ तर नस किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते. बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, अस्थिविभाग आहे. केएलईच्या खासगी रुग्णालयात अस्थिविभागाबरोबर फिजिओथेरपीचं कॉलेजही आहे. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘पाय दुखतो’ एवढंच सांगून उपयोग नाही. कोणत्या हालचालीला दुखतं ते करून दाखवा, मोबाइलवर नाचाचा व्हिडिओ दाखवा. ‘विश्रांती घ्या’ म्हणाले तर विचारा: काय बंद, काय चालू? हात, मान, मुद्रा, अभिनय, पोटाचे व्यायाम बहुतेक वेळा चालू ठेवता येतात, आणि त्याने मनालाही बरं राहतं.

स्टेजवर परतायचा क्रम: लंगडत न चालणं, एका पायावर तीस सेकंद, टाच वीस वेळा, त्याच पायावर लहान उड्या, मग अर्ध्या जोराने नाच, मग पूर्ण. एका पायरीवर दुखलं की मागच्या पायरीवर. वहीच्या दुसऱ्या पानावरची नोंद इथे कामाला येते.

शोच्या आधी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी किंवा सुई घेऊन उतरण्याची पद्धत ग्रुपांमध्ये आहे. दुखणं झाकलं जातं, दुखापत वाढत राहते. रिकाम्या पोटी, कमी पाणी पिऊन, घामाघूम होताना अशा गोळ्या वारंवार घेतल्या तर पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा दोन्ही होऊ शकतं. दादाने खिशातून काढून दिलेली गोळी घ्यायची नाही, एवढा नियम तरी पाळा.

पायरी ५: खाणं, पाणी, पाळी, झोप

बारीक दिसण्यासाठी कमी खाणं हा या धंद्यातला जुना रोग. खर्च होणाऱ्या ताकदीपेक्षा सतत कमी खाल्लं तर शरीर एकेक काम बंद करत जातं: पाळी लांबते, हाडं कच्ची होतात, जखमा भरत नाहीत, सर्दी हटत नाही, चिडचिड वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. मुलांनाही ती होते. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ‘बरं झालं, कटकट गेली’ असं न म्हणता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

चांगलं खायला महाग पावडरी लागत नाहीत. जोंधळ्याची भाकरी, हुलग्याची आमटी, मोडाची मटकी, शेंगाचटणी, दही, अंडी. खानापूरकडची नाचणी सोडू नका, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम धरा. ५० किलोच्या मुलीला साठ-सत्तर ग्रॅम लागतात आणि एका अंड्यातून सहाच मिळतात, म्हणजे डाळ-उसळ दोन्ही वेळेला हवी. शोच्या दिवशी पूर्ण जेवण तीन तास आधी, अर्धा-पाऊण तास आधी केळं, आणि संपल्यावर तासाभरात काहीतरी पोटात. मध्यरात्री हॉटेल उघडं नसतं, म्हणून बॅगेत गोकाकच्या करदंटाचा तुकडा ठेवावा: डिंक, गूळ, सुकामेवा, टिकाऊ आणि कुरकुरे-वड्यापेक्षा कितीतरी बरा.

नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि रोज तीन तास दांडिया, हे मुली हौसेने करतात. उपवास मोडा असं सांगणार नाही. पण निर्जळी नको, आणि नुसत्या चहावर नको. रताळं, शेंगदाणे, दूध, राजगिरा, केळी वेळेवर खा.

पाणी कमी पिण्यामागचं खरं कारण कोणी बोलत नाही: कार्यक्रमाच्या जागी बायकांना जायला संडास नसतो. मुली दुपारपासून पाणी बंद करतात, मग लघवीला जळजळ, ताप. सुपारी ठरवतानाच विचारा, ‘कपडे बदलायला बंद खोली आणि बाथरूम कुठे आहे?’ शाळा, देऊळ, शेजारचं घर, काहीतरी व्यवस्था होते. आधी विचारलं तरच. खूप घाम गेला असेल तर ओआरएस, पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आयलायनर आणि काजळ एकमेकींचं वापरू नका, डोळे येतात. तंबाखू हाडं भरून यायला उशीर लावते. निपाणीच्या पट्ट्यात राहून हे सांगणं म्हणजे घरच्यांशी वाकडं घेणं, पण आहे ते आहे.

कानांचंही बघा. ८५ डेसिबलला आठ तास चालतं. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. डॉल्बीच्या भिंतीसमोर तीन तास नाचणाऱ्याने मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे घालावेत. ताल ऐकू येतो, काळजी नको.

झोप सात ते नऊ तास. रात्री दोनला शो संपला आणि सकाळी आठला दुसऱ्या गावी रिहर्सल असेल तर दोनपैकी एक सुपारी चुकीची घेतली आहे. गोव्याहून परतताना चोर्ला घाटात धुकं असतं, चालवणारा नाचून थकलेला असतो. ड्रायव्हर न नाचणारा हवा, नाहीतर मुक्काम करा आणि मुक्कामाचा खर्च सुपारीत आधीच धरा.

पायरी ६: मन

स्टेजवर जायच्या आधी हात थरथरणं, पोटात कालवणं हे अनुभवी माणसालाही होतं. श्वास चार मोजून आत आणि सहा-सात मोजून बाहेर, असं दोनतीन मिनिटं करा. लांब सोडलेल्या श्वासाने छातीची धडधड उतरते. दर शोला तोच क्रम ठेवा: घुंगरू बांधणं, पाणी, श्वास, पहिल्या आठ मात्रा मनात. त्या वेळी मोबाइल दुसऱ्याकडे.

खोल लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. या भागात नाचणाऱ्या बाईकडे बघण्याची एक नजर आहे आणि तिला इतिहास आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराभोवती मुली देवीला सोडण्याच्या देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला. प्रथेचे चटके ज्या बायकांनी सोसले त्यांना दोष देऊन, उरलेला दोष आजही लावणी करणाऱ्या कॉलेजच्या मुलीवर टाकला जातो. ‘आमच्यात नाचत नाहीत’ हे वाक्य घरातूनच येतं. मुलाने नाच निवडला तर त्याला बायल्या म्हणतात. याच मातीत श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्यामुळे कौजलगी निंगम्मांचं नाव आदराने घेतलं जातं, हे घरच्यांना सांगून बघा. पटेलच असं नाही. घरातला एक माणूस तरी, मामा, आत्या, अक्का, आपल्या बाजूला हवा. त्याला एखाद्या चांगल्या कार्यक्रमाला बोलवा, मानधनाचा हिशेब दाखवा. बाकीच्यांशी रोज वाद घालण्यात ताकद घालवू नका.

भाषेचा ताण हा आमच्याकडचा खास. मराठी गाण्यावर कोणी ‘बंद करा’ ओरडतं, कन्नड गाण्यावर दुसरं कोणी. नाचणारा मधे उभा. गाण्यांची यादी आयोजकांकडून आधी व्हॉट्सॲपवर लिहून मंजूर करून घ्या; १ नोव्हेंबरच्या आसपास तर नक्कीच. आरडाओरडा झालाच तर माइकवर उत्तर द्यायचं नाही, सगळ्यांनी मिळून विंगेत यायचं, बोलायचं काम आयोजकांचं. ग्रुपमध्ये दोन्ही भाषांची पोरं असतात आणि ती एकत्र जेवतात. बाहेरचं भांडण ग्रुपमध्ये आणणाऱ्याला मास्तरने वेळीच थांबवावं.

रीलखालच्या कमेंट्स: रंग, पोट, जात, भाषा, सगळं निघतं. शिव्यांचे शब्द गाळायची सोय ॲपमध्येच असते, ती चालू करा. धमकी असेल तर स्क्रीनशॉट ठेवा.

आणि हंगामानंतरची पोकळी. मे संपतो, सुपाऱ्या थांबतात, पाऊस लागतो, रोज टाळ्या ऐकणारा माणूस घरात बसतो, खिसाही रिकामा. चारआठ दिवस उदास वाटणं समजू शकतं. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही, दारू वाढलेली, मरणाचे विचार येतायत, असं असेल तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. २०२२ पासून सुरू आहे. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याचीच सरकारी संस्था आहे. बसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. गावात कळेल म्हणून जे घाबरतात त्यांना धारवाड सोयीचं पडतं. सोबतचा कोणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने विचार वाढत नाही. त्याला एकटा सोडू नका.

पायरी ७: हात लावणारे, पैसे बुडवणारे

स्टेजवर चढून नोटा लावायला येणारा, मेकअपच्या खोलीत डोकावणारा, ‘रात्री थांब, पुढची सुपारी पक्की’ म्हणणारा. तिघांनाही उत्तर ग्रुपने द्यायचं, एकट्या मुलीने नाही. स्टेजवर प्रेक्षक येणार नाही ही अट सुपारी घेतानाच. प्रसंग ओढवला तर ११२, महिलांसाठी १८१. तुमचा ग्रुप दहापेक्षा कमी जणांचा असला तरी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होतो. अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची.

इसार घेतल्याशिवाय तारीख अडकवू नका. निम्मे आधी, उरलेले स्टेजवर जायच्या आधी. ‘उद्या ये’ म्हणणाऱ्या आयोजकामागे महिनाभर फिरण्याने जेवढी झोप उडते तेवढी शोमुळे उडत नाही. कार्यक्रम रद्द झाला तर काय, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच व्हॉट्सॲप संदेशात. संकोच वाटतो खरा. दोनतीनदा लिहिलं की सवय होते.

प्रत्येक मानधनातून दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. आषाढात तोच उपयोगी पडतो: दात, डोळे, रक्ततपासणी, राहून गेलेली फिजिओथेरपी, आणि वहीतल्या तीन चाचण्या नव्याने. श्रावण लागला की मंडळांचे फोन सुरू होतात, त्यामुळे हे सगळं गटारीच्या आधी उरकून घ्या.